पथ्य आणि पाथेय

पदवीच्या वर्गाला शब्दसिद्धी शिकवताना मी गेली कित्येक वर्षे ‘पथिन्’ हा संस्कृत शब्द उदाहरणादाखल घेत आले आहे. पथिन् म्हणजे मार्ग. त्याला एक प्रत्यय लागला की ‘पथ्य’ होते. म्हणजे जे मार्गापासून ढळलेले नाही ते. दुसरा लागला की ‘पाथेय’ होते. म्हणजे जे मार्गावर कामी येते ते, आपल्या मराठीतली शिदोरी. पाणिनीने या दोन्ही शब्दांची सोय अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्याच पादात केली आहे आणि त्या दोन सूत्रांत अंतर आहे ते अवघ्या बारा सूत्रांचे. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे शब्द एकाच घरचे आहेत एवढे मलाही पाठच होते. त्यांच्या नात्याचा अर्थ कळला तो मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला, एका चहाच्या टपरीवर, चमचाभर साखर तोंडात टाकताना.

तो प्रसंग आधी सांगते, कारण पुढचे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

मला मधुमेह आहे. ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात तो. निदान झाले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हा आजार इतका घरोघरी आहे की तो कोणाला झाला म्हणून फारसे कोणी हळहळत नाही; ‘शुगर निघाली का? मग चालायला लागा’ एवढेच म्हणतात. मी चालायला लागले, आणि चालण्याचा कंटाळा आला म्हणून सायकलवर बसले. पहाटे पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपरपर्यंत जाऊन परत यायचे, पुढे ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने खाडीच्या कडेकडेने जायचे, असे अंतर वाढत गेले आणि दोनेक वर्षांत मी ‘ब्रेव्हे’ नावाच्या प्रकारापाशी येऊन पोचले. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द नवा असेल. ही शर्यत नव्हे. २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटर अंतर ठरलेल्या मुदतीत पुरे करायचे असते; दोनशेला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. वाटेत ठराविक ठिकाणी हजेरीची नोंद होते. पहिला आला, दुसरा आला, असे काही नसते. स्पर्धेची फारशी आवड नसलेल्या पण हट्टी माणसांचा हा उद्योग आहे, आणि कदाचित म्हणूनच शिक्षकवर्गाला तो मानवतो.

पहिल्या दोनशेला मी निघाले ती पथ्याची सगळी शिस्त बरोबर घेऊन. पहाटे तीनला उठून वाटीभर पोहे खाल्ले, रोजची गोळी घेतली. बरोबर पाणी, आणि मूठभर शेंगदाणे. मधुमेह्याने अधूनमधून खाऊ नये, गोड तर नाहीच नाही, हे अंगवळणी पडलेले होते. शंभराव्या किलोमीटरला सगळे उतरले. पोरे इडल्या, केळी, चिक्की जे मिळेल ते खात होती. माझ्या लेकाच्या वयाच्या एका मुलाने चिक्कीचे पाकीट पुढे केले. “मॅडम, घ्या ना.” “नको रे, मला शुगर आहे,” मी म्हणाले, आणि खरे सांगायचे तर ते म्हणताना मला थोडा अभिमानच वाटला. बिनसाखरेचा कोरा चहा घेऊन मी परत सायकलवर बसले.

परतीच्या वाटेवर मनोर मागे पडल्यावर हात थरथरू लागले. वारा समोरून होता तरी घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता. उरलेले किलोमीटर आणि उरलेले तास यांचा साधा भागाकार करायला गेले तो काही केल्या जमेना. पुढून जाणाऱ्या एका ट्रकचा विनाकारण विलक्षण राग आला. हा राग माझा नव्हे, एवढे कळण्याइतकी शुद्ध होती हे माझे भाग्य. टपरी दिसली तिथे उतरले, बाकावर बसून बोट टोचले. आकडा आला ५८. सत्तरच्या खाली तो गेला की तातडीने साखर घ्यावी, हे मला माहीत होते. पण ही अवस्था आपल्या वाट्याला येईल असे कधी वाटले नव्हते, कारण आपली लढाई साखर वाढण्याशी आहे अशीच माझी समजूत होती.

“ताई, चहात साखर टाकू का?” टपरीवाल्याने विचारले. मी म्हणाले, “चहा राहू द्या. नुसती साखर द्या.” त्याने काही न विचारता डबा पुढे केला. तीन चमचे साखर मी पाण्याबरोबर गिळली, पंधरा मिनिटे बसले, पुन्हा बोट टोचले, मग त्याच्याकडची दोन केळी आणि पाव खाल्ला. ब्रेव्हे तिथेच सोडली. घरी आल्यावर हे सारे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुला शुगर ना? मग साखर खाल्लीस कशी?”

या प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. आणि माझ्या मते मराठी घरांतल्या मधुमेहाविषयीच्या साऱ्या बोलण्याचे मर्म या एका प्रश्नात आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

शरीराचा हिशेब काय आहे ते आधी पाहू. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरी. बेताच्या वेगाने सायकल चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला तासाला चारशेच्या आसपास लागतात. चरबीही जळते हे खरे, आणि तिचा साठा आमच्यापाशी मुबलक असतो हेही खरे. पण ती सावकाश जळते, आणि मेंदूची गरज प्रामुख्याने साखरेचीच असते. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या व्यायामात दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असा क्रीडाशास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. दहा तासांत मूठभर शेंगदाण्यांवर राहणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात येईल.

आता मधुमेहाची बाजू. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि पुढे पुढे ते कमीही पडू लागते. परंतु राबणाऱ्या स्नायूची गोष्ट निराळी आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की रक्तातली साखर आत घेणारी त्याची दारे इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही उघडतात. म्हणून तर मधुमेह्याला व्यायाम सांगतात. एवढेच नव्हे, मोठ्या श्रमानंतर चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात. त्यामुळे साखर रात्री झोपेतही उतरू शकते. यात आणखी एक पात्र आहे ते औषध. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवला आहात की सायकल हाणत आहात याची ती चौकशी करीत नाही. माझ्या पोटात तीच गोळी होती. अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचे संकट वेगळे: उपाशीपोटी, पाणी कमी पडलेल्या स्थितीत दीर्घ श्रम केले तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तोही कधी कधी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. यांतले काय कमी करायचे, कधी थांबवायचे हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे आहे. मी विचारले नव्हते. निघण्याआधी विचारायला हवे होते ही माझी चूक, आणि ती मी इतर कोणाच्या माथी मारीत नाही.

थोडक्यात, सासूबाईंच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर असे की त्या दुपारी साखर खाणे हेच पथ्य होते. पण हे उत्तर आपल्या मराठीत बसत नाही. ‘पथ्य’ या शब्दाने आपण आज केवळ वगळणे सांगतो. ‘काय पथ्य आहे?’ असे विचारले की उत्तरात ‘भात नाही, बटाटा नाही, गोड नाही’ अशी यादी येते. ‘अमुक इतके खायचेच’ असे पथ्य कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. मार्गापासून न ढळणे हा मूळ अर्थ जाऊन न खाणे एवढाच उरला, आणि त्याच्या मागोमाग नीतीही आली. पथ्य ‘पाळायचे’ असते आणि ते ‘मोडते’, जसे व्रत मोडते. वर आम्हा बायकांच्या बाबतीत न खाण्याला आधीच पुष्कळ प्रतिष्ठा आहे: चतुर्थीचा उपास, सगळ्यांची पाने झाल्यावर मागाहून बसणे, उरलेसुरले संपवणे. चिक्की नाकारताना मला जो अभिमान वाटला तो वैद्यकाचा नव्हता. तो याच शिकवणुकीचा होता.

आश्चर्य असे की ज्या परंपरेतून हा शब्द आला ती परंपरा अशी एकांगी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत, जन्मजात आणि अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी कृश, थोडे खाणारा आणि सतत हिंडता. दुसऱ्याचा स्थूल, खूप खाणारा आणि बसण्या-झोपण्याची आवड असलेला. आणि लगेच पुढे उपचारही दोन सांगितले आहेत: कृशाला अन्नपान देऊन सावरायचे, स्थूलाचे घटवायचे. आजच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकारांशी याची तंतोतंत जोडी लावण्याच्या मोहात पडू नये. पण रोगाचे नाव एक असले तरी अन्न एक नसते, हा विचार तिथे स्पष्ट आहे. त्याच अध्यायात निर्धन रोग्याला सांगितले आहे की त्याने पायात वहाण व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहून, शंभर योजने किंवा अधिक चालावे. योजनाच्या लांबीविषयी एकमत नाही. बारा-तेरा किलोमीटरचे धरले तर हे अंतर बाराशेच्या वर जाते. ब्रेव्हेवाल्यांची पंढरी जी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १८९१ साली सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी, तिचे अंतरही बाराशे किलोमीटरच आहे. योगायोगच, पण मला इथे भिक्षेकडे लक्ष वेधायचे आहे. सुश्रुताचा चालणारा रोगी उपाशी नाही. वाटेवरच्या गावांनी त्याला खायला घालायचे आहे.

आपली वारीही अशीच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसे हजारोंनी असतात, आणि वाटेवरची गावे त्यांना जेवू घालतात. मोठा उपवास येतो तो पोचल्यावर, एकादशीला. फ्रान्समधल्या त्या बाराशे किलोमीटरांच्या वाटेवरही गावकरी रात्री-अपरात्री टेबले मांडून कॉफी, पाणी आणि खाऊ घेऊन बसलेले असतात, आणि त्या शर्यतीच्या नावाने १९१० साली निघालेली चाकाच्या आकाराची एक गोड पेस्ट्री तिथे आजही मिळते. लांबच्या वाटेची सगळी संस्कृती पाथेयावर उभी असते. पथ्य आणि पाथेय वेगळे पडले ते आपण बसून राहू लागल्यावर.

इथे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित अशी एक संज्ञा वापरते. प्रत्येक संहितेला एक अभिप्रेत वाचक असतो. लेखकाने तो बोलून दाखवलेला नसतो, पण वाक्यावाक्यांतून तो गृहीत धरलेला असतो. मराठीत आज घरोघरी वाचला जाणारा गद्यप्रकार कोणता, तर आहारसल्ला. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, दवाखान्यातल्या छापील कागदावर, फोनवर फिरणाऱ्या मजकुरात तो असतो. या गद्याचा अभिप्रेत वाचक बसलेला आहे. त्याच्या हाताशी फ्रीज आहे, त्याच्या घरी दोन्ही वेळा वेळेवर जेवण होते आणि त्याचा प्रश्न जास्त खाण्याचा आहे. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात आहाराविषयी जो वाद रंगला तो आठवून पाहा. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा धागा पुढे नेत, दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांत जेवण आटोपावे व रोज पाऊण तास चालावे असे सांगितले. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे, ठराविक अंतराने आणि आपल्या मातीतले खाण्याचा आग्रह. घराघरांत तट पडले. लग्नाच्या पंगतीत ‘आमचे दीक्षित चालू आहे’ असे म्हणून लोक ताटावरून उठू लागले.

या वादात मला बाजू घ्यायची नाही. दोन वेळांच्या जेवणाने वजन आणि साखर उतरलेली माणसे माझ्या परिचयात आहेत, आणि बसून काम करणाऱ्या, सतत चरत राहणाऱ्या शहरी माणसाला तो सल्ला उपयोगी का पडावा हे समजण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच की वाद ‘किती वेळा खावे’ यावर झाला, ‘काय करताना’ यावर झाला नाही. साडेतेरा तास सायकल चालवणाऱ्याला दोन जेवणांचा नियम लागू पडत नाही. आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला दर तासाला तीस ग्रॅम कर्बोदकांचा नियम लावला तर ते संकटच. दोन्ही नियम आपापल्या जागी खरे आहेत.

काव्यशास्त्रात याला नाव आहे. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे प्राणतत्त्व मानले आणि ते समजावताना मेखला गळ्यात व हार कमरेवर घालणाऱ्याचे उदाहरण दिले. अलंकार तेच, जागा चुकली की हसू होते. अन्नाचेही तसेच आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चतुर्थीला ती खाऊन दुपारी आडवे होणाऱ्या मधुमेह्याची साखर ती भराभर चढवते. तीच खिचडी कसाऱ्याच्या घाटापूर्वी शहापूरला खाल्ली तर घाट चढवून नेते. खिचडी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. शब्दाचा अर्थ वाक्यातल्या स्थानावरून ठरतो हे ज्यांना शिकवावे लागत नाही, त्या साहित्याच्या माणसांनी तरी पदार्थांची पापी आणि पुण्यवान अशी विभागणी करू नये.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा की ही सवलत दिली की लोक तिचा सोयीने अर्थ लावतील. हे होते, आणि मी रोज पाहते. रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तासभर सायकल फिरवून आलेली मंडळी बाहेर पडल्या पडल्या फाफडा-जिलेबीवर ताव मारतात आणि ‘जळून जाईल’ म्हणतात. ते जळत नाही. तासाभराच्या हलक्या व्यायामाला अंगातला साठा पुरेसा असतो. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू नसेल तर मध्ये खाण्याची गरज सहसा पडत नाही. शिवाय मोठ्या चढणीला किंवा फार जोर लावल्यावर साखर तात्पुरती वाढतेही, कारण यकृत आपला साठा मोकळा करते. त्यामुळे अंदाज कामाचा नाही, मोजणे कामाचे. पण सवलतीचा गैरवापर होतो म्हणून ज्याला खरोखर अन्न हवे त्याला उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हजारो रुपयांची सायकल घेऊन हौसेने दमणाऱ्या मध्यमवर्गीयांचे हे दुखणे. त्याची एवढी चर्चा कशाला? २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत पुरी केली, २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. अशा स्वारांबरोबर त्यांच्या खाण्यापिण्याचा हिशेब ठेवणारी माणसे गाडीतून जात असतात. त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. मग कोणाला आहे?

माझ्या मते, ज्यांना सायकल हा छंद नाही त्यांना. १८९० पासून मुंबईत दुसऱ्यांचे जेवण पोचवणारे डबेवाले आजही अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडहून डबे गोळा करून सायकलवरून स्टेशनात आणतात, आणि स्वतःचा डबा उघडतात तो सगळ्यांचे पोचवून झाल्यावर. अंधेरीच्या रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत खाण्याची पार्सले घेऊन फिरणारी पोरे आहेत. बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बाया आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख धरली आहे. ते सगळे खुर्चीत बसलेले असणे शक्य नाही. आणि आपल्याकडचा मधुमेही दिसायला जाड असतोच असेही नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपली धाव लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरती, असे याज्ञिकांनी स्वतःच मिस्कीलपणे नोंदवले आहे. सडपातळ दिसणाऱ्या हमालाला मधुमेह निघाला तर त्याच्या हाती जो छापील कागद पडतो, तो मात्र स्थूल आणि बैठ्या माणसासाठी लिहिलेला असतो: भात कमी, पोळी कमी, अधेमधे काही नाही. ग्लिमेपिराइड ही स्वस्त गोळी आहे आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ती सकाळी घेऊन, त्या कागदाप्रमाणे कमी जेवून, दुपारी दोनपर्यंत ओझे वाहणाऱ्या माणसाला चक्कर आली तर लोक ऊन लागले म्हणतात, किंवा पिऊन पडला असेही म्हणतात. त्याच्यापाशी बोट टोचायचे यंत्र नसते. माझ्यापाशी होते. आमच्या दोघांत फरक आहे तो एवढाच, आणि तो थोडा नाही.

म्हणून हौशी सायकलस्वाराचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. मुलुंडच्या मास्तरीणबाईंनी दोनशे किलोमीटर पुरे केले की नाही याने जगाचे काही अडत नाही. पण राबणाऱ्या शरीराला मधुमेह असताना अन्न कसे लागते, हे तपासायला आणि लिहायला ज्यांना सवड आहे, शब्द आहेत, त्यांनी ते लिहिले तर सल्ल्याच्या गद्यातला तो बसलेला वाचक जरा बाजूला सरकेल. दवाखान्यातल्या कागदावर ‘काय खाऊ नये’ याच्या आधी ‘तुम्ही दिवसभर काय काम करता?’ हा प्रश्न छापला गेला तरी पुष्कळ झाले. आणि त्याखाली एक ओळ: हात थरथरले, घाम फुटला, काही सुचेनासे झाले तर तीन चमचे साखर, त्यात पथ्य मोडत नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. डॉक्टरांनी माझी औषधे बदलली, लांबच्या स्वारीच्या दिवसासाठी वेगळी व्यवस्था लावून दिली, आणि मी वर्षभर वहीत आकडे मांडीत राहिले. किती वाजता काय खाल्ले, तासाभराने साखर किती, चढण होती की सपाट. माझ्यापुरते निष्पन्न झाले ते असे: दर पाऊण तासाने थोडे, कधी अर्धे केळे, कधी दोन खजूर, कधी मिठाची चिमूट घातलेली गूळपोळीची घडी, दोनदा नीट बसून इडली किंवा दहीभात, आणि खिशात ग्लुकोजची पुडी, जिला संकटाखेरीज हात लावायचा नाही. हे इतर कोणाचे कोष्टक होऊ शकत नाही, आणि होऊ नये. दुसऱ्या खेपेस दोनशे किलोमीटर साडेबारा तासांत पुरे झाले.

त्या पहाटे सासूबाई माझ्याआधी उठल्या होत्या. राजगिऱ्याचे लाडू त्यांनी आदल्या रात्रीच वळून ठेवले होते. डबा हातात देताना त्यांनी विचारले, “किती तास लागतील म्हणालीस? मग एवढे पुरतील का?”

मला वाटते, मधुमेह्याला विचारायचा प्रश्न हाच आहे. विद्यार्थ्यांना आता मी ‘पथ्य’ आणि ‘पाथेय’ हे दोन शब्द वेगवेगळ्या दिवशी शिकवीत नाही.